कंत्राटदारांच्या यादीत एकच अस्पृश्य : नोंदणीच्या अर्जामागचा इतिहास

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे एक निवेदन दिले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून रुजू होऊन त्यांना तेव्हा जेमतेम तीन-चार महिने झाले होते. या निवेदनाबद्दल आपल्या चळवळीत बोलले जाते ते नोकरीतल्या राखीव जागांच्या आणि परदेशी शिष्यवृत्त्यांच्या संदर्भात. ते बरोबरच आहे. कारण पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९४३ मध्ये, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या आणि शिष्यवृत्त्याही सुरू झाल्या. पण त्याच निवेदनात आणखी एक तक्रार होती, जिच्याकडे आपल्या व्याख्यानमालांत क्वचितच कोणी वळते. ती होती सरकारी कंत्राटांची.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या यादीत तेव्हा हजाराच्या वर कंत्राटदार होते आणि त्यांत अस्पृश्य समाजाचा कंत्राटदार होता अवघा एक. बाबासाहेबांनी हा आकडा व्हाइसरॉयपुढे ठेवला. नोकरीतला वाटा मिळाला, शिष्यवृत्त्या मिळाल्या, पण कंत्राटाची मागणी तिथेच राहिली. आज ऐंशीहून अधिक वर्षे झाली. मधल्या काळात नोंदवही संगणकावर गेली, अर्ज ऑनलाइन झाला, सही डिजिटल झाली. म्हणून आम्ही या लेखात त्या नोंदवहीचाच इतिहास मांडणार आहोत. सरकारदरबारी कंत्राटदार म्हणून नाव लागण्यासाठी काय काय लागते, ते कोणी ठरवले, आणि त्या अर्जातला कोणता रकाना नेमका आपल्यापाशी येऊन अडतो, एवढाच विषय आहे.

मुळात या देशात 'कंत्राटदार' नावाचा माणूस तयार झाला तो रेल्वे आणि बांधकाम खात्याच्या कामांवर. त्याआधी गावात बलुतं होतं, वतन होतं, वेठ होती. महाराला तराळकी करायची होती, सरकारी टपाल वाहायचे होते, मेलेले ढोर ओढायचे होते. या कामांचा करार कुणी लिहून घेतला नाही, कारण जात हाच करार होता. १८५० च्या दशकात डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले आणि रेल्वेची कामे निघाली. काम आता टेंडर काढून, दर ठरवून, एका माणसाच्या नावावर दिले जाऊ लागले. तो माणूस पुढे मुकादम नेमणार, मुकादम टोळी आणणार, टोळीला उचल देणार. पैशाची वाट वरून खाली आणि कष्टाची वाट खालून वर, अशी ही उतरंड.

भोर घाटाचे उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर असायला हवे, कारण पुण्या-मुंबईच्या गाडीत बसून आपण त्यावरूनच जातो. १८५० च्या दशकाच्या मध्यावर घाटाचे काम फॅव्हिएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराला मिळाले. त्याच्या पोटठेकेदारांनी आणि युरोपियन देखरेख्यांनी मजुरांचे पैसे थकवले, आणि जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला. त्याच वर्षी फॅव्हिएलने कंत्राट सोडले. पुढे ते ट्रेडवेलकडे गेले, तो भारतात येऊन काही आठवड्यांतच वारला, आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, इंजिनियरांच्या मदतीने काम पुढे नेले. १८६३ साली घाट खुला झाला. कामाच्या ऐन भरात १८६१ मध्ये तिथे चाळीस हजारांहून जास्त माणसे राबत होती. पटकी आणि तापाने किती मेली याचा नक्की हिशेब कुणी ठेवला नाही. अभ्यासकांचे अंदाज हजारोंच्या घरात आहेत. देशावरून आणि कोकणातून आलेल्या या कष्टकऱ्यांत अस्पृश्य जातींची माणसे होती. कंत्राटदारांची नावे इतिहासात आहेत, त्यांच्या बायकांचीही आहेत. मजुरांची हजेरी लावणारा कागद कुठे गेला?

या दंग्यानंतर सरकारने १८६० चा मालक-कामगार तंट्यांचा कायदा केला. रेल्वे, कालवे आणि सार्वजनिक बांधकामांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवावेत, असा तो कायदा. ऐकायला बरा वाटतो. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८५९ मध्ये, करारभंगाचा कायदा झाला होता. त्यानुसार उचल घेऊन काम सोडणारा मजूर गुन्हेगार ठरत होता आणि तुरुंगात जात होता. पैसे बुडवणाऱ्या कंत्राटदारासाठी दिवाणी वाट आणि काम सोडणाऱ्या मजुरासाठी फौजदारी वाट, हा भेद कायद्याच्या पोटात पहिल्यापासून आहे. करारभंगाचा तो कायदा रद्द व्हायला १९२५-२६ उजाडले. म्हणजे बाबासाहेब बहिष्कृत हितकारिणी सभा काढून कामाला लागले होते, तेव्हाही उचल फिटली नाही म्हणून मजुराला आत टाकता येत होते.

आता याच काळातली दुसरी बाजू पाहू. महात्मा जोतीराव फुले स्वतः सरकारी कंत्राटदार होते. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण तिचा अर्थ लावत नाही. येरवड्याचा पूल, खडकवासल्याचा तलाव अशा पुण्याच्या परिसरातल्या कामांशी त्यांचा कंत्राटदार म्हणून संबंध आल्याचे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे. इंजिनियर खात्यातला भट कारकून बिल कसे अडवतो, मोजमापात कसा हात मारतो, मजुरांच्या हजेरीत कशा खोट्या नोंदी होतात, हे त्यांनी कामावर उभे राहून पाहिले होते. 'गुलामगिरी'त इंजिनियर खात्याच्या कारभारावर त्यांनी कोरडे ओढले ते या अनुभवातून. सत्यशोधक समाजाच्या मुंबईतल्या पाठीराख्यांतही कामाठी, म्हणजे तेलुगू समाजातले बांधकाम कंत्राटदार पुढे होते. व्यंकू बाळाजी कालेवार, जाया कराडी लिंगू ही नावे सत्यशोधक चळवळीच्या इतिहासात भेटतात. त्यांचा पैसा चळवळीच्या कामी आला. सेठजी-भटजींच्या मेहेरबानीवर न चालणारी चळवळ उभी राहिली, त्याला हेही एक कारण आहे, असे आमचे मत आहे.

पण इथे थोडे थांबून बघायला हवे. माळी आणि कामाठी समाजातले लोक कंत्राटदार होऊ शकले, कारण त्यांच्याकडे हातातले कसब होते, थोडे भांडवल होते आणि मुख्य म्हणजे शिवाशिवीची भिंत त्यांच्या वाटेत तितकी उंच नव्हती. महार-मांग-चांभार कामावर आले ते खडी फोडायला, माती वाहायला. मुकादम झाले तरी आपल्याच टोळीचे. हॉटेलात शिरता येत नाही, सराफाच्या पेढीवर पत नाही, गावात चिरेबंदी घर बांधले तर डोळ्यात येते, अशा माणसाच्या नावावर कोणता एक्झिक्युटिव्ह इंजिनियर काम लिहून देणार होता? म्हणून १९४२ च्या यादीत हजाराच्या वर नावांत एकच नाव असणे हा अपघात नव्हता. समाजशास्त्रात सामाजिक भांडवल म्हणून जे शिकवतात, ते दुसरे तिसरे काही नसून त्या यादीतल्या ओळखीपाळखी आहेत.

बाबासाहेबांच्या बाबतीत आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की, त्यांनी कंत्राट आणि कंत्राटी मजूर हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी हातात धरले. मजूरमंत्री म्हणून सार्वजनिक बांधकामाचा कारभारही त्यांच्याच खात्याकडे होता. एकीकडे ते म्हणत होते की यादीत आमची माणसे नाहीत. दुसरीकडे डिसेंबर १९४३ मध्ये ते कोळसा खाणी पाहायला गेले, १९४४ मध्ये त्यांच्या खात्याने रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली आणि त्या समितीच्या अहवालांनी कंत्राटी मजुरीची दशा उद्योगागणिक नोंदवून ठेवली. मजूर थेट मालकाचा नाही, म्हणून मालक हात वर करतो, आणि ठेकेदार आज आहे तर उद्या नाही, हे कंत्राटी पद्धतीचे दुखणे तेव्हापासून सरकारी कागदावर आहे.

त्यावर कायदा व्हायला मात्र १९७० साल उजाडले. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायदा १० फेब्रुवारी १९७१ पासून लागू झाला. नावात 'निर्मूलन' आहे, पण कायद्याचा सगळा भर नोंदणीवर. तो नीट समजून घ्या, कारण आपल्या वस्तीतल्या निम्म्या लोकांचे पोट त्यावर अवलंबून राहिले आहे. ज्याचे काम आहे त्या मूळ मालकाने नमुना १ भरून आपल्या आस्थापनेची नोंदणी करायची. कंत्राटदाराने नमुना ४ भरून लायसन घ्यायचे. आणि त्याला मूळ मालकाने नमुना ५ मध्ये दाखला जोडून द्यायचा, की होय, या माणसाला मी कामावर घेतले आहे आणि कायद्यातली मालकाची जबाबदारी मी पाळीन. नमुना ६ म्हणजे लायसन. त्यानंतर नमुना १३ मध्ये कामगारांची नोंदवही, १४ मध्ये प्रत्येकाला द्यायचे रोजगार कार्ड, १६ मध्ये हजेरीपट, १७ मध्ये पगारपत्रक. पगार वाटताना मूळ मालकाचा माणूस हजर पाहिजे आणि त्याची सही पाहिजे. कंत्राटदाराने पगार बुडवला, तर कलम २१ प्रमाणे तो मूळ मालकाने द्यायचा. भोर घाटात जे नव्हते, ते कागदावर का होईना, इथे आले.

आम्ही सफाई कामगार महिलांच्या बैठका घेतो तेव्हा नेहमी विचारतो, 'रोजगार कार्ड मिळाले का?' उत्तर बहुतेक वेळा एकच : 'कसलं कार्ड, दादा? ठेकेदाराच्या वहीत नाव हाय.' ठेकेदाराच्या वहीत नाव असणे आणि सरकारच्या नमुन्यात नाव असणे, यांतला फरक समजावून सांगायलाच एक दुपार जाते. आणि ती दुपार वाया जात नाही, कारण पुढे पगार थकला की लेबर ऑफिसात पहिला प्रश्न 'तू इथे कामाला होतीस याचा पुरावा काय' हाच असतो.

या कायद्यात एक भोक होते, आणि ते मोठे होते. कायदा वीस किंवा त्याहून जास्त कामगारांना लागू. मग काय करायचे? वीसच्या खाली ठेवायचे. मुंबई महापालिकेने कचरा उचलण्याच्या कामात नेमके हेच केले. काम लहान लहान तुकड्यांत वाटले, ठेकेदाराला 'संस्था' म्हटले, कामगाराला 'स्वयंसेवक' म्हटले, पगाराला 'मानधन' म्हटले. तुकडीत माणसे वीसपेक्षा कमी, म्हणून लायसन नको, नमुना नको, काहीच नको. हे कामगार कोण होते हे सांगायची गरज आहे का? बहुसंख्य आपलेच, बौद्ध आणि मातंग, मराठवाड्यातून आणि इतर दुष्काळी भागांतून आलेले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही लढाई वर्षानुवर्षे लढली. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने कंत्राट बनावट ठरवून २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. नाव बदलले म्हणून नाते बदलत नाही, हे तिथे सिद्ध झाले. मात्र सगळ्यांना हा न्याय मिळत नाही. १९९२ च्या दीनानाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की नोंदणी नाही किंवा लायसन नाही, एवढ्यावरून कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. १९९६ च्या एअर इंडिया प्रकरणात दार थोडे उघडले आणि २००१ च्या सेल प्रकरणात ते पुन्हा लोटले गेले. कंत्राट बनावट आहे हे कामगारानेच सिद्ध करायचे. म्हणजे पुन्हा कागद. म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना सांगत आलो आहोत की हजेरीपटाचा फोटो, गेटपास, बँकेतली जमा, मुकादमाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, सगळे सांभाळून ठेवा.

महाराष्ट्राने २०१६ च्या दुरुस्तीने वीसची मर्यादा पन्नासवर नेली. भोक बुजवायचे सोडून ते रुंद केले.

हे झाले कंत्राटदाराच्या हाताखालच्या माणसाचे. आता ज्या तरुणाला स्वतः कंत्राटदार व्हायचे आहे त्याच्याकडे येऊ. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे असे तरुण वाढले आहेत. डिप्लोमा झालेला असतो, नोकरी नाही, सरकारी भरती बंद, आणि जी आहे तीच कंत्राटी. मग तो म्हणतो, भरतीच कंत्राटदार करणार असेल तर मीच का कंत्राटदार होऊ नये? प्रश्न चूक नाही.

अर्ज ऑनलाइन भरता येतो. पॅन, जीएसटी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, उद्यम नोंदणी, डिजिटल सही, सगळे घरात बसून होते. उद्यम नोंदणी तर जुलै २०२० पासून आधारवर आणि फुकट आहे. तिच्यासाठी कुणा एजंटाला पैसे देऊ नका. इथपर्यंत संगणकाने खरोखर काही दारे उघडली आहेत. पूर्वी टेंडरचा कोरा फॉर्म विकत घ्यायला विभागीय कार्यालयात जावे लागे आणि तिथला कारकून 'फॉर्म संपले' म्हणून परत पाठवी. पेटीत टेंडर टाकू नये म्हणून बाहेर माणसे उभी असत. ई-टेंडरने हे बरेच कमी झाले, हे कबूल करायला हवे.

पण अर्ज पुढे सरकतो आणि दोन रकान्यांपाशी अडतो. पहिला ऐपतीचा दाखला. बँकेचा किंवा महसूल खात्याचा. ऐपत म्हणजे मालमत्ता. आता आपल्या समाजाची मालमत्ता कुठली? अनेकांच्या सातबाऱ्यावर आहे ती महार वतनाची जमीन. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले, कारण वतनाच्या नावाखाली चोवीस तासांची चाकरी आणि बदल्यात तुटपुंजी जमीन, ही गुलामगिरीच होती. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली आणि जमिनी कसणाऱ्यांना परत दिल्या गेल्या. पण कशा? नवीन अविभाज्य शर्तीवर. भोगवटादार वर्ग दोन. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हस्तांतर करता येत नाही. शर्तीमागचा हेतू जमीन धनदांडग्यांच्या घशात जाऊ नये हा होता, आणि तो चुकीचा नव्हता. तरीही या शर्तीतूनच कितीतरी जमिनी बिल्डरांकडे गेल्या हा भाग वेगळा. पण ऐपतीचा दाखला मागायला गेले की पाटलाच्या पोराची वर्ग एकची जमीन ऐपत ठरते आणि आपल्या वर्ग दोनच्या जमिनीवर बँकेचा अधिकारी मान हलवतो. म्हणजे १८७४ च्या वतन कायद्याची सावली आजच्या ऑनलाइन अर्जावर पडलेली आहे. अर्जात कुठेही जात विचारलेली नाही. विचारायची गरजच पडत नाही.

दुसरा रकाना पूर्वानुभवाचा. मोठ्या कामांसाठी केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर २००२ मध्ये दिलेले निकष देशभर वापरले जातात. गेल्या सात वर्षांत तशाच स्वरूपाची तीन कामे, प्रत्येकी अंदाजित खर्चाच्या ४० टक्क्यांची, किंवा दोन कामे ५० टक्क्यांची, किंवा एक काम ८० टक्क्यांचे केलेले असले पाहिजे. शिवाय तीन वर्षांची सरासरी उलाढाल खर्चाच्या निदान ३० टक्के. कामाचा दर्जा राखायला असे निकष लागतात, यावर आमचे दुमत नाही. कोसळणाऱ्या पुलाखाली आपलीच माणसे असतात. पण एका गोष्टीचे उत्तर द्या : ज्याच्या बापाला काम मिळाले नाही त्याला अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून त्याला काम नाही, आणि त्याला काम नाही म्हणून त्याच्या पोराला अनुभव नाही. ही साखळी तोडायची कुठे? खडी फोडण्याचा, स्लॅब भरण्याचा, गटार खोदण्याचा चार पिढ्यांचा अनुभव त्या रकान्यात बसत नाही, कारण तो मजुराचा अनुभव आहे. तिथे बिलाची प्रत लागते.

सरकारला ही साखळी तोडता येते, हे सरकारनेच दाखवले आहे. महाराष्ट्रात लहान कामांचे वाटप अनेक वर्षे ३३:३३:३४ असे चालले. सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले कंत्राटदार. प्रमाण पुढे बदलले, तत्त्व टिकले. बेरोजगार अभियंत्याला पूर्वीच्या कामाशिवाय नोंदणी मिळते आणि काम वाटप समितीतून काम मिळते. मग पदवीच्या आधारावर जी सवलत देता येते ती सामाजिक वंचनेच्या आधारावर का नको? मजूर संस्थांचे तर विचारूच नका. कल्पना चांगली होती : मजुरांनीच संस्था करावी आणि ठेकेदार मधून काढून टाकावा. आज अशा किती संस्थांच्या संचालक मंडळावर हाताला घट्टे पडलेला माणूस सापडेल, हे आपापल्या तालुक्यात जाऊन बघा.

इतर राज्यांनी वाट काढली आहे. मध्य प्रदेशात जानेवारी २००२ च्या भोपाळ परिषदेनंतर सरकारी खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या पुरवठादारांना वाटा द्यायचा प्रयोग झाला. त्यामागे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा अनुभव होता. तिथल्या रिचमंड शहराची कथा आपल्या १९४२ च्या यादीसारखीच आहे. शहरात निम्मी लोकसंख्या काळ्यांची, आणि पाच वर्षांत अल्पसंख्य कंत्राटदारांना मिळालेली मुख्य कंत्राटे ०.६७ टक्के. शहराने वाटा ठेवला आणि १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, हेही लक्षात ठेवा. कर्नाटकाने मात्र कायदा करून बांधकामांच्या कंत्राटांत अनुसूचित जातींना १७.१५ आणि जमातींना ६.९५ टक्के आरक्षण दिले. सुरुवातीला ५० लाखांपर्यंतच्या कामांत, नंतर एक कोटीपर्यंत. शाहू-फुले-आंबेडकरांचे नाव दर भाषणात घेणाऱ्या महाराष्ट्रात असा कायदा नाही.

केंद्र सरकार सांगते की आमचे २०१२ चे खरेदी धोरण आहे, त्यात ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून व्हायची आहे. खरे आहे. पण ते धोरण वस्तू आणि सेवांना लागू आहे, बांधकामाच्या कंत्राटांना नाही. म्हणजे बाबासाहेबांनी ज्या यादीवर बोट ठेवले होते, नेमकी तीच वगळली. आणि जे ४ टक्के आहेत ते उद्दिष्टही वर्षानुवर्षे गाठले गेले नाही.

आता आपल्यातल्याच एका आक्षेपाकडे. काही मित्र म्हणतात, १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, मग आपण कंत्राटदार होण्याच्या मागे का लागायचे? आपल्याच पोराने आपल्याच बायांना किमान वेतनाखाली राबवायचे का? हा आक्षेप हलका नाही. आम्ही असे कंत्राटदार पाहिले आहेत, ज्यांच्या ऑफिसात बाबासाहेबांचा फोटो आहे आणि नमुना १७ कोरा आहे. पण १९३८ चे आणि १९४२ चे बाबासाहेब एकच आहेत. मजुराचा हक्क मागायचा म्हणून यादी दुसऱ्यांना सोडून द्यायची, असे त्यांनी केले नाही, आणि यादीत यायचे म्हणून मजुराला विसरायचे, असेही केले नाही. आमची भूमिका अशी की आरक्षणातून कंत्राट मागतानाच अट घालून मागावे : ज्याला राखीव काम मिळेल त्याचे पगारपत्रक आणि भविष्य निर्वाह निधीचा भरणा उघड तपासला जाईल, आणि त्यात खोट निघाली तर नोंदणी जाईल. बिनआरक्षित कंत्राटदारालाही हीच अट.

आणि नाव भाड्याने देऊ नका. राखीव काम आपल्या पोराच्या नावावर घ्यायचे, दोन-तीन टक्के त्याच्या हातावर टेकवायचे आणि काम प्रस्थापित कंत्राटदाराने करायचे, हा प्रकार जिथे सवलत आहे तिथे होतो. केंद्राच्या धोरणात भागीदारी किंवा कंपनी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा लागतो. कागदावर तो ५१ दाखवणे सोपे आहे. पण काम बिघडले, पगार थकला, तर नोटीस त्याच ५१ टक्केवाल्याच्या घरी येते. काळ्या यादीत त्याचे नाव जाते. पैसे नेणारा दुसऱ्या नावाने पुढच्या टेंडरला उभा असतो.

शेवटी सध्याच्या कायद्याबद्दल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९७० चा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. कंत्राटी कामगारांची मर्यादा आता देशभर पन्नास. लायसन एकदा घेतले की पाच वर्षे चालेल. मुख्य कामात कंत्राटी कामगार ठेवू नयेत असे संहिता म्हणते, पण मुख्य काम कशाला म्हणायचे याच्या व्याख्येतून सफाई, झाडलोट, कचरा गोळा करणे आणि त्याची विल्हेवाट ही कामे वगळली आहेत, जर आस्थापना त्यासाठीच उभारलेली नसेल तर. पहारा, बागकाम, कँटीन, हमाली हीही त्याच यादीत. जात न लिहिता जात कशी लिहितात हे शिकायचे असेल तर ही यादी वाचा. महापालिका ही सफाईसाठी 'उभारलेली' आस्थापना आहे की नाही, यावर पुढची कोर्टातली लढाई होणार आहे, आणि संघटनांनी त्याची तयारी आत्तापासून करावी.

दरम्यान एक काम प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्याला करता येईल. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा. सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग आणि नगरपालिका, तिघांना वेगवेगळा. मागायचे असे : नोंदणीकृत कंत्राटदारांची वर्गवार यादी, गेल्या तीन वर्षांत कोणाला किती रकमेची कामे दिली, मजूर संस्थांना दिलेल्या कामांची यादी आणि त्या संस्थांची सभासद यादी, सफाईच्या प्रत्येक ठेक्यातील कामगारसंख्या आणि ठेकेदाराच्या लायसनची प्रत. जातवार आकडा मागाल तर 'अशी माहिती संकलित केली जात नाही' असे उत्तर येईल. ते उत्तरही जपून ठेवा, लेखी घ्या. १९४२ मध्ये परक्या सरकारच्या खात्यातून हा आकडा बाबासाहेबांना काढता आला होता. यादी हातात आली की आडनावांवरून अंदाज बांधत बसू नका, त्यात चुका होतात. गावोगावी माणसे ओळखणारे आपले लोक आहेत, त्यांच्यासोबत बसून एकेक नाव तपासा, आणि आकडा आमच्याकडे पाठवा.